न्यू ऑर्लीन्सला जायचंय? आधी वार ठरवा

ह्यूस्टन, डॅलस, अटलांटाकडची मराठी मंडळी लाँग वीकेंड मिळाला की न्यू ऑर्लीन्सचा बेत आखतात. शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी बर्बन स्ट्रीटवर भटकायचं, रविवारी सकाळी बेन्ये (पिठीसाखर घातलेले तळलेले गोड पाव) खाऊन परतीच्या रस्त्याला लागायचं. अशी धावती सहल केलेले बरेच जण मग सांगतात, "गर्दी आणि दारू, दुसरं काही नाही तिथे." मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण ते गाडीत बसतात त्याच दुपारी शहरातल्या वस्त्या बँड घेऊन रस्त्यावर उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शहरभर राजम्याची पातेली चढलेली असतात.

इथलं खाणं आणि संगीत वारांना बांधलेलं आहे. म्हणून काय बघायचं याची यादी करण्याआधी कोणत्या वारी तिथे असायचं ते ठरवा. माझ्या मते गुरुवारी दुपारी पोचून सोमवारी जेवण करून निघणं सर्वात उत्तम. सुट्टी एकच दिवस वाढवता येत असेल तर शुक्रवार घेऊ नका, सोमवार घ्या. खालचा सगळा आराखडा त्याच हिशोबाने दिला आहे.

ऋतू

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे चांगले महिने. जून ते सप्टेंबर उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो, दुपारी धो धो सरी येतात आणि हॉटेलं स्वस्त होतात. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, पण ऑगस्ट-सप्टेंबर खरे जोखमीचे. कतरिना २००५ साली आणि आयडा २०२१ साली, दोन्ही २९ ऑगस्टलाच किनाऱ्याला धडकली. त्या काळात जाणार असाल तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा आणि वादळाचा इशारा आला की वाट न बघता बेत बदला.

मार्डी ग्रा हा इथला मिरवणुकांचा मोठा उत्सव. त्याचा मुख्य दिवस म्हणजे ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवास सुरू होतो त्या बुधवारच्या) आदला मंगळवार. ईस्टरप्रमाणे त्याची तारीख दरवर्षी बदलते, पण हंगाम मात्र नेहमी ६ जानेवारीला सुरू होतो. हा उत्सव फक्त बर्बन स्ट्रीटवर चालतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण मोठमोठे फ्लोट, म्हणजे सजवलेले रथ, बर्बन स्ट्रीट ज्यात येतो त्या जुन्या फ्रेंच क्वार्टरच्या अरुंद गल्ल्यांत शिरतच नाहीत. त्यांचा मुख्य मार्ग सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवरून जातो. तिथे स्थानिक कुटुंबं शिड्या लावून, वर पोरांना बसवून, सकाळपासून जागा धरतात. मुलं बरोबर असतील तर तुम्हीही तिथेच उभे राहा. झुलू क्लबच्या मिरवणुकीतून हाती रंगवलेले नारळ वाटतात, आणि ते मिळवण्यासाठी लोक जिवाचा आटापिटा करतात. तरीही पहिल्या भेटीसाठी मी मार्डी ग्रा सुचवणार नाही. हॉटेलांचे दर कित्येक पटींनी वाढतात, रस्ते बंद असतात आणि शहराचा रोजचा चेहरा दिसत नाही. त्यापेक्षा एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल गाठा. तो फुकट असतो आणि त्यात स्थानिक कलाकारांनाच प्राधान्य असतं. एप्रिलच्या शेवटी सुरू होणारा जॅझ फेस्ट १९७० साली काँगो स्क्वेअरमध्ये सुरू झाला. आता तो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरतो, मोठा आणि महागडा झाला आहे.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

ह्यूस्टनहून गाडीने साडेपाच-सहा तास, अटलांटाहून सात, डॅलसहून आठ. ट्रेनची आवड असेल तर शिकागोहून ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स’ आणि न्यू यॉर्क-अटलांटाकडून ‘क्रेसेंट’ या अॅमट्रॅकच्या गाड्या थेट शहरात येतात. विमानतळाला जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं नाव आहे. तिथून शहरात यायला टॅक्सीचा दर ठरलेला असतो, आणि स्वस्तात यायचं असेल तर बसही आहे.

गाडी घेऊन आलात तर ती हॉटेलवर लावून टाका आणि विसरा. क्वार्टरमध्ये पार्किंग महाग, रस्त्यांवर खड्डे, आणि काचा फोडून सामान पळवण्याचे प्रकार होतात. गाडीत पिशवीसुद्धा दिसेल अशी ठेवू नका.

मुक्कामासाठी तीन भाग डोळ्यासमोर ठेवा. फ्रेंच क्वार्टरचा एस्प्लनेड ॲव्हेन्यूकडचा अर्धा भाग शांत असतो. तिथून संगीताच्या जागा पायी होतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडचा वेअरहाऊस डिस्ट्रिक्ट बरा: मोठी हॉटेलं, लिफ्ट, सपाट फुटपाथ. आणि झाडांची सावली हवी असेल तर सेंट चार्ल्सच्या स्ट्रीटकारच्या (ट्रामच्या) मार्गावर गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये राहा. बर्बन स्ट्रीटवर तोंड असलेली खोली मात्र घेऊ नका; पहाटेपर्यंत झोप लागणार नाही. ट्रेमे आणि मॅरिनी या जुन्या वस्त्यांतली घरं पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा इतका वाढला की तिथले मूळचे लोक, वादकसुद्धा, भाडं परवडेना म्हणून दूर गेले. तुम्ही ज्यांचं संगीत ऐकायला येताय त्यांच्याच घरात राहू नये, असं मला वाटतं. हॉटेल घ्या.

दिशांबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. मिसिसिपी नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते, त्यामुळे पूर्व-पश्चिम इथे कोणाच्या कामाची नाही. रस्ता विचारलात तर उत्तर मिळेल, "नदीच्या बाजूला" किंवा "तलावाच्या बाजूला". अपटाऊन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, डाऊनटाऊन म्हणजे खालच्या अंगाला. रस्त्यांची नावं फ्रेंच असली तरी उच्चार स्थानिक: ‘चॉपिटूलस’ आणि ‘बर्गंडी’तला ‘गं’वरचा जोर ऐकून घ्या, म्हणजे टॅक्सीवाल्याशी बोलताना अडचण येणार नाही.

फिरण्यासाठी स्ट्रीटकार आहेच. सेंट चार्ल्सचा मार्ग १८३५ सालापासून चालू आहे आणि जगातल्या सर्वात जुन्या चालू मार्गांत त्याची गणना होते. त्यावरचे हिरवे डबे १९२०च्या दशकातले, लाकडी बाकांचे, वातानुकूलन नसलेले. तिकीट सव्वा डॉलर. रोख देणार असाल तर सुटे मोजून द्यावे लागतात. मशीन उरलेले पैसे परत देत नाही. दिवसाचा पास फोनवरच काढणं सोपं.

शाकाहारी आणि ‘हे चालतं, ते नाही’वाल्यांसाठी

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या घरांत याच मुद्द्यावर सहलीचा विरस होतो.

इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघांना इथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. गंबो या दाट रश्श्यासाठी आधी रू करतात: तेलात मैदा घालून मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. लाडवासाठी बेसन भाजताना आपण जसं पातेल्याजवळून हलत नाही, तसंच. फरक इतकाच की आपण खमंग वास सुटला की थांबतो. इथे पुढे जातात. आधी पांढरं, मग बदामी, मग शेंगदाण्याच्या सालीसारखं, आणि शेवटी जवळजवळ चॉकलेटी. या शेवटच्या टप्प्यावर आच जरा जास्त झाली तर करपून सगळं फेकावं लागतं. नेमक्या क्षणी चिरलेली ट्रिनिटी आत पडते, चर्रर्र आवाज होतो आणि मैदा पुढे भाजायचा थांबतो. पश्चिम आफ्रिकेतून आलेली भेंडी, चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांची ससाफ्रासच्या पानांची पूड आणि फ्रेंच पद्धतीचा रू: दाटपणा आणण्याच्या या तीन वाटा म्हणजे शहराचा इतिहासच आहे. काही घरांत तिन्ही एकत्र येतात, काही घरांत भेंडी आणि ती पूड एकत्र घालणं मान्य नाही, आणि त्यावर माणसं मनापासून भांडतात.

आता अडचण. गंबोत बहुतेक वेळा आंदुई नावाचं डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, अगदी ‘सीफूड गंबो’तही असू शकतं. राजमा हॅमच्या हाडावर शिजतो. कोलार्डची पालेभाजी डुकराच्या तुकड्यांत शिजते. ‘गंबो झेर्ब’ म्हणजे पालेभाज्यांचं गंबो, पण नाव ऐकून फसू नका, त्यातही बऱ्याचदा मांस असतं. ‘व्हेजिटेबल सूप’चं पाणी कोंबडीचं असतं. तळलेल्या बटाट्यांचं पो-बॉय नावाचं सँडविच मिळतं, पण त्यावर रोस्ट बीफची ग्रेव्ही ओततात. म्हणून "मी व्हेजिटेरियन आहे" एवढं सांगून थांबू नका. स्पष्ट विचारा: यात हॅम, सॉसेज, चिकन स्टॉक, ग्रेव्ही आहे का? इथले वाढपी प्रेमळ असतात. विचारलं तर आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतात.

मग खायचं काय? तळलेली भेंडी, कॉर्नब्रेड, लोणी घातलेले ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी), ग्रेव्हीशिवायचा बटाट्याचा पो-बॉय, बेन्ये, पिकान हा सुका मेवा घातलेली प्रॅलीन मिठाई, बर्फाच्या गोळ्याचा इथला भाऊ असलेला स्नोबॉल, आणि जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत किंग केक. अंडं चालत नसेल तर गोड पदार्थांतही विचारा. मॅगझिन स्ट्रीटवर ‘सॅफ्रन’ नावाचं भारतीय कुटुंबाचं रेस्टॉरंट आहे, तिथे भारतीय आणि इथल्या क्रिओल (फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी मिश्र) चवी एकत्र येतात. शाकाहारी माणसाची तिथे उत्तम सोय होते. आधी जागा राखून ठेवा.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. मालवण-गोव्याकडच्या माणसाला इथे लगेच घरच्यासारखं वाटेल: कोळंबी, कालवं, खेकडे, कॅटफिश. फेब्रुवारी ते मे क्रॉफिशचा हंगाम. हे गोड्या पाण्यातले लहान शेवंडासारखे जीव मसाल्याच्या पाण्यात मका-बटाट्याबरोबर उकडून टेबलावरच्या कागदावर ओततात. भाव पौंडावर असतो आणि माणशी दोन-तीन पौंड सहज लागतात, कारण वजन बहुतेक कवचाचंच. एका हाताने मुंडी, दुसऱ्याने शेपूट धरून पिळायचं, शेपटीचं पहिलं कडं सोलायचं, आणि बुडाशी चिमटा घेऊन मांस ओढून काढायचं. मुंडीतला रस चोखायचा की नाही, ते तुमच्यावर. डोळ्यांना हात लावू नका.

पो-बॉयबद्दल एवढं सांगायलाच हवं. १९२९ साली स्ट्रीटकारच्या कामगारांनी संप केला, तेव्हा बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन या भावांनी, जे आधी स्वतः त्याच गाड्यांवर कामाला होते, संपकऱ्यांना फुकट सँडविच खाऊ घातली. त्यातून हा पदार्थ नावारूपाला आला. मागवताना "ड्रेस्ड?" असं विचारतील; हो म्हटलं की लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयो पडतं. एक पूर्ण पो-बॉय दोघांना पुरतो. मुफुलेटा हे सिसिलीहून आलेल्या लोकांचं सँडविच, सेंट्रल ग्रोसरी या १९०६ सालच्या दुकानाच्या नावाशी जोडलेलं. त्यात डुकराचं मांस असतं, हे लक्षात असू द्या.

गुरुवार: नदी आणि झायडेको

पोचल्यावर सामान टाकून कॅनाल स्ट्रीटच्या टोकाला जा आणि अल्जियर्सला जाणारी फेरी पकडा. दोन डॉलरमध्ये मिसिसिपीचं वळण आणि समोर सगळं शहर दिसतं. मालवाहू जहाजांचा आकार आणि पाण्याचा जोर बघितला की हे शहर नेमकं इथेच का वसलं ते कळतं. १७१८ साली फ्रेंचांनी नदीकाठच्या उंचवट्यावर ते वसवलं. मागचा सखल दलदलीचा भाग नंतर उपसून वसवला गेला. २००५ साली बांध फुटले तेव्हा शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि हा जुना उंचवटा बऱ्याच अंशी कोरडा राहिला.

रात्री कॅरोल्टन ॲव्हेन्यूवरच्या ‘रॉक अँड बोल’ला जा. एका बाजूला बोलिंग चालू, दुसऱ्या बाजूला नाचाची फरशी. गुरुवार हा तिथला झायडेकोचा वार. झायडेको म्हणजे लुईझियानाच्या खेड्यांतल्या कृष्णवर्णीय क्रिओल शेतकऱ्यांचं नाचायचं संगीत: ॲकॉर्डियन, आणि छातीवर चिलखतासारखा घातलेला पत्र्याचा वॉशबोर्ड, जो चमच्यांनी घासून वाजवतात. नाच येत नसेल तरी हरकत नाही, कोणीतरी आजोबा तुम्हाला हात धरून शिकवतात.

शुक्रवार: क्वार्टर पायी, रात्री संगीत

सकाळी आठच्या आत बाहेर पडा. रस्ते नुकतेच धुतलेले असतात आणि बेन्येची रांग लहान असते. ‘कॅफे द्यू मोंद’ १८६२ सालापासून चालू आहे. एका बशीत तीन बेन्ये आणि चिकोरी घातलेली दुधाची कॉफी, बस. वर पिठीसाखरेचा डोंगर असतो. घास घेताना श्वास आत ओढू नका आणि काळे कपडे घालू नका. रोख पैसे जवळ ठेवा.

समोरच्या जॅक्सन स्क्वेअरपासून चालायला लागा. तिथल्या चर्चच्या एका बाजूला काबिल्डो. १८०३ साली लुईझियाना अमेरिकेच्या ताब्यात गेल्याचा व्यवहार याच इमारतीत पार पडला. दुसऱ्या बाजूला प्रेस्बिटेअर, जिथलं कतरिनाचं प्रदर्शन चुकवू नका. मग शार्त्र स्ट्रीटने खाली उर्सुलाइन कॉन्व्हेंटपर्यंत जा. १७८८ आणि १७९४ अशा दोन आगींत फ्रेंचांचं शहर जवळजवळ जळून गेलं. त्यातून वाचलेली ही एक इमारत. आज आपण ज्याला फ्रेंच क्वार्टर म्हणतो त्याच्या विटांच्या भिंती आणि आतले चौक स्पॅनिश राजवटीत रुजलेल्या धाटणीचे आहेत, आणि लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या तर १८५०च्या आसपासच्या.

एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर जुनी टांकसाळ आहे, तिथे आता जॅझ म्युझियम आहे. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी सुधारगृहात ज्या कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारख्या वाद्यावर) शिकला ते इथे ठेवलंय. वरच्या मजल्यावर दिवसाही मैफली होतात आणि त्या लहान मुलांना घेऊन ऐकता येतात. रात्रीच्या बहुतेक क्लबांत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो.

संध्याकाळी प्रिझर्व्हेशन हॉल. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. १९६१ सालापासून चालू असलेली ही छोटीशी खोली आहे, पुढे जमिनीवर गाद्या, मागे बाकं, त्यामागे उभं राहायचं. कार्यक्रम पाऊण तासाचा. फोटो काढायला मनाई, आणि ती चांगली आहे. ऐकताना कान असे लावा: ट्रम्पेट मूळ चाल सांगतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरच्या पट्टीत वेलबुट्टी काढतो, ट्रॉम्बोन खालून मींड घेत उत्तर देतो. तिघं एकाच वेळी उपज करतात आणि तरी एकमेकांच्या आड येत नाहीत. ऐकायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटकन उमगतं.

तिथून चालत फ्रेंचमेन स्ट्रीटला जा. ‘स्पॉटेड कॅट’, ‘स्नग हार्बर’, ‘डी.बी.ए.’ अशा जागा एका ओळीत आहेत. कुठे दारावर पैसे, कुठे दर खेळाला एक पेय घेण्याची अट. दारू पीत नसाल तर सोडा मागवा, कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. पण बादली फिरली की तीत पैसे टाकायचेच. माणशी पाच-दहा डॉलर तरी, आणि कोपऱ्यावर रस्त्यात वाजवणाऱ्या पोरांच्या बँडलाही. कित्येक वादकांची रात्रीची कमाई त्या बादलीतच असते.

शनिवार: शहराबाहेर

गाडीने तासाभरावर व्हिटनी प्लँटेशन आहे. २०१४ साली उघडलेलं हे संग्रहालय उसाच्या मळ्याची गोष्ट मालकाच्या हवेलीपासून सुरू करत नाही. राबणाऱ्या गुलामांच्या नावांपासून करते. भिंतींवर कोरलेली ती नावं वाचत उभे राहिलात की शहरातल्या सुंदर गॅलऱ्यांचा पैसा कुठून आला ते कळतं. यादवी युद्धाआधी गुलामांचा देशातला सर्वात मोठा बाजार न्यू ऑर्लीन्समध्ये भरत होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. मराठी माणसाने तरी ही जागा टाळू नये. जाणत्या मुलांना अवश्य न्या. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या.

गाडी नसेल तर दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय बघा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स नावा याच शहरात बनल्या होत्या, म्हणून ते इथे आहे. पूर्ण दिवस जातो. संध्याकाळी सेंट चार्ल्सच्या स्ट्रीटकारने ओकच्या झाडांखालून ऑडुबॉन पार्कपर्यंत जाऊन या.

रविवार: ट्रेमे आणि सेकंड लाइन

याच दिवसासाठी बाकीचा बेत जुळवायचा. सकाळी ट्रेमेमध्ये सेंट ऑगस्टीन चर्च, १८४०च्या दशकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी उभं केलेलं. बाजूच्या भिंतीशी जाड साखळ्यांचा एक क्रॉस आहे, अज्ञात गुलामाचं स्मारक. तिथून लुई आर्मस्ट्राँग पार्कमधला काँगो स्क्वेअर जवळच. १८१७ सालच्या हुकुमानंतर गुलामांना फक्त रविवारी आणि फक्त इथे जमायची मुभा होती. ते इथे ढोल वाजवत, नाचत, बाजार मांडत. पुढच्या संगीताची मुळं इथे जातात.

या वस्तीत आपल्याकडचाही एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकडचे बंगाली मुसलमान फेरीवाले चिकनकाम विकायला न्यू ऑर्लीन्सला येत. त्यातले काही ट्रेमेच्या आसपास स्थायिक झाले आणि इथल्या कृष्णवर्णीय, क्रिओल बायकांशी त्यांनी संसार थाटले.

क्लेबोर्न ॲव्हेन्यूवर या. डोक्यावरून हायवे जातो. इथे पूर्वी ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, त्याखाली दुकानं, मिरवणुका, सहली चालत. १९६६ साली हायवेसाठी ती झाडं पाडली. क्वार्टरजवळून नदीकाठाने जाणारा दुसरा हायवे मात्र विरोध होऊन १९६९ साली रद्द झाला. लोकांनी पुलाच्या खांबांवर झाडं आणि माणसं रंगवली, आणि मिरवणुका आजही त्याखालूनच जातात.

दुपारी सेकंड लाइन. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळजवळ दर रविवारी एखादा ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ आपली वार्षिक मिरवणूक काढतो. हे क्लब मूळचे एकमेकांच्या आजारपणाला आणि अंत्यविधीला पैसे उभे करणाऱ्या मंडळ्या. मार्ग आणि वेळ डब्ल्यूडब्ल्यूओझेड या ९०.७ वरच्या रेडिओ स्टेशनच्या संकेतस्थळावर मिळते, फुकट असतं.

पुढे क्लबचे सदस्य, नखशिखांत एकाच रंगाचा सूट, टोपीपासून बुटांपर्यंत, हातात पिसांचे पंखे. त्यांच्या दोन्ही बाजूंनी दोर धरलेला असतो. मागे बँड: सूसाफोन, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, स्नेअर आणि झांज बांधलेला मोठा ढोल. त्यामागे सगळी वस्ती, म्हणजे सेकंड लाइन, आणि तिथे तुम्हीही. दोराच्या आत शिरायचं नाही, वादकांच्या पुढ्यात फोन धरायचा नाही, कोणाच्या व्हरांड्यात चढायचं नाही. बाकी मनमुराद नाचा. मिरवणूक तीन-चार तास चालते, मध्ये ठरलेल्या ठिकाणी थांबते. पाणी, बिअर, भाजलेलं मांस ट्रकच्या मागून विकतात. सुटे पैसे आणि टोपी ठेवा. हायवेच्या पुलाखाली बँड शिरला की आवाज काँक्रीटवर आपटून दुप्पट होतो, वादकांना ते माहीत असतं आणि ते नेमकं तिथेच जोर काढतात. पुलाखालच्या त्या दोन-तीन मिनिटांसाठी मी कितीही वेळ चालायला तयार असतो.

ही परंपरा १९७०च्या सुमारास विझत चालली होती. बँजोवादक डॅनी बार्करने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये पोरांचा बँड उभा केला, तिथून नवी पिढी तयार झाली. पुढे डर्टी डझन आणि १९८३ साली सुरू झालेला रिबर्थ या ब्रास बँडांनी त्यात फंक मिसळलं, म्हणून आज रस्त्यात विशीतली मुलं वाजवताना दिसतात. मिरवणूक पांगली की अंधार पडण्याआधी टॅक्सीने परता.

सोमवार: राजमा

सोमवार हा इथला धुण्याचा वार. बायका कपडे धुण्यात गुंतलेल्या, म्हणून रविवारच्या हॅमच्या हाडावर राजमा चुलीवर ठेवून द्यायचा, तो आपला आपण शिजतो. धुण्याची यंत्रं आली तरी रीत टिकली. लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ असं लिहून सही करायचा. सकाळी कॅनाल स्ट्रीटच्या लाल स्ट्रीटकारने सिटी पार्कला जा, तिथली शिल्पबाग बघा, आणि बाराच्या सुमाराला एखाद्या साध्या खानावळीत राजमा-भात मागवा. बऱ्याच ठिकाणी तो दिवसाचा पदार्थ असतो. शाकाहारी असाल तर वर सांगितलेले प्रश्न विचारा; मिळाला नाही तर कुठल्याही किराणा दुकानातून कॅमेलियाचा लाल बीन्सचा पुडा घेऊन या.

ट्रेमेमधल्या ऑर्लीन्स ॲव्हेन्यूवरच्या ‘डुकी चेस’ची वेळ या पाच दिवसांत कुठेतरी जुळवा. १९४१ सालच्या या रेस्टॉरंटमध्ये लिया चेस यांनी नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना जेवू घातलं, काळे-गोरे एकत्र बसणं बेकायदा होतं तेव्हा. त्या २०१९ साली गेल्या. कुटुंब अजून चालवतंय. जेवणाच्या वेळा मोजक्या आहेत, आधी फोन करा.

सांभाळायच्या गोष्टी

क्वार्टरमध्ये कोणी म्हणेल, "तुझे बूट तू कुठे घेतलेस ते मी सांगतो, वीस डॉलरची पैज." उत्तर असतं, "या रस्त्यावर, तुझ्या पायांत," कारण इंग्रजी ‘गॉट’चा अर्थ ‘घेतले’ आणि ‘आहेत’ असा दोन्ही होतो. हसून पुढे चालायला लागा, थांबू नका. रस्त्यावर प्लास्टिकच्या पेल्यातून दारू पिता येते, काचेची बाटली चालत नाही. रात्री उशिरा सामसूम गल्ल्यांतून पायी जाऊ नका, दोन चौकांचं अंतर असलं तरी गाडी बोलवा. सेंट लुई स्मशानभूमी क्रमांक १ मध्ये परवानाधारक गाइडबरोबरच सोडतात, आयत्या वेळी दाराशी जाऊन उपयोग नाही. फुटपाथ ओकच्या मुळांनी उचललेले आहेत, म्हणून ज्येष्ठांना बंद, पकड असलेले बूट घालायला सांगा. रेस्टॉरंटमध्ये १८ ते २० टक्के टिप धरूनच हिशोब करा. आणि पाच-पाच, एक-एक डॉलरच्या नोटांची एक गड्डी निघण्याआधीच बँकेतून काढून ठेवा. रोज संध्याकाळी लागते.